गाठ लव्हाळ्याशी

नागाळा पार्काच्या खालच्या अंगाला, जयंती नाल्यापासून फार लांब नाही, असं आमचं घर आहे. घरामागं वीस बाय तीस फुटांचं परस. सासऱ्यांनी, म्हणजे आण्णांनी, तिथं एकेक झाड लावत नेलं: सोनचाफा, कढीपत्ता, दोन रंगांच्या जास्वंदी, मोरीच्या पाण्यावर अळू, आणि मधल्या मोकळ्या जागेत वांगी-मिरचीचे वाफे. आण्णा गेले तेव्हा परस माझ्याकडे आलं. कुणी सोपवलं नाही, मीच घेतलं. त्यांचं खुरपं दाराआड खुंटीला होतं, ते काढून खाली बसले, एवढंच.

2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 43 फूट. नाल्यातून पाणी उलटं चढलं आणि सहा दिवस परसात कमरेएवढं उभं राहिलं. आम्ही आईंना, माझ्या सासूबाईंना, घेऊन नणंदेकडं राजारामपुरीत होतो. परत आलो तेव्हा सगळ्यावर एकच राखाडी रंग होता. चिखलाचा वास महिनाभर घरातून गेला नाही. कढीपत्ता मेला. सोनचाफा पंधरा दिवस हिरवा राहिला, मला वाटलं वाचला, आणि मग एका आठवड्यात त्याची सगळी पानं खाली आली. मुळं पाण्यात गुदमरली की झाड वरून उशिरा मरतं, हे मला तेव्हा कळलं.

परस खचलं होतं, जागोजागी खड्डे पडले होते. दिवाळीनंतर आम्ही नदीकाठच्या रानातल्या पोयट्याच्या दोन ट्रॉल्या टाकून घेतल्या. काळीभोर, मऊ, हातात घेतली तर चुरून जाणारी माती. मी खूश होते. नवा कढीपत्ता लावला, मोगरा लावला, वाफे आखले.

पुढच्या जूनमध्ये पहिल्या पावसानंतर वाफ्यांतून हिरवे कोंब आले. मी गवत म्हणून उपटले. सहज निघत होते, बोटांत धरून वर ओढलं की कट्कन सुटायचे, त्यामुळं बरं वाटायचं. आठ दिवसांनी तेवढेच परत. पुन्हा उपटले. लॉकडाऊनमध्ये वेळच वेळ होता, रोज सकाळी तासभर मी हेच करत होते. ऑगस्टपर्यंत मिरचीच्या रोपांपेक्षा ते दाट झालं. मला वाटलं हरळी असेल. हरळीचा चिवटपणा सगळ्यांनाच माहीत, आणि गणपतीत दूर्वा लागतात म्हणून आपण तिच्यावर तितकं रागवतही नाही. पण ही हरळी पसरत नव्हती, सरळ उभी राहत होती. ते माझ्या डोळ्यांना दिसत होतं आणि तरी त्याचा अर्थ मी लावला नाही. आपण ज्याला एकदा नाव देऊन टाकतो, त्याच्याकडं पुन्हा नीट बघत नाही.

2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला. पुन्हा नणंदेचं घर, पुन्हा चिखल. या खेपेला पाणी ओसरल्यावर दहाव्या दिवशी परसात हिरवं दिसलं ते फक्त तेच. वांगी गेली, अबोली गेली, आणि त्या करड्या गाळाला भोकं पाडून सुईसारखी टोकं वर आली होती. महापुरात झाडं जातात आणि लव्हाळी वाचतात, हे आपण शाळेपासून ऐकतो. लवतं ते वाचतं, असा त्याचा अर्थ सांगतात. माझ्या डोळ्यांसमोर ते घडत होतं आणि जे वाचलं होतं तो लव्हाळाच होता, हे मात्र मला अजून माहीत नव्हतं.

ते सांगितलं वडणग्याच्या मावशींनी. त्या आमच्या गल्लीत भाजी घेऊन येतात. तरुणपणी भांगलणीला जात होत्या, आता गुडघे देत नाहीत. दसऱ्याच्या आधी एकदा पाणी प्यायला परसदारी बसल्या आणि मला उपटताना बघत राहिल्या.

"वैनी, काय करतासा?"

"गवत काढते मावशी. जातच नाही."

"ह्ये गवत न्हवं." त्यांनी बसल्या जागेवरून हात लांब करून एक काडी बुडातून तोडली, पानं ओरबाडली आणि नुसता दांडा माझ्या बोटांत दिला. "फिरवून बघा की."

मी अंगठा आणि तर्जनीमध्ये तो फिरवला. गोल फिरेना. अडखळत होता, एका कडेवरून दुसऱ्या कडेवर पडत होता. तीन कडा. त्रिकोणी दांडा, आतून भरीव.

"लव्हाळा हाय ह्यो. वरनं उपटशीला तर दुप्पट हुतोय. मी सांगतो न्हवं, जलम गेला ह्येच्यात."

दोन वर्षं मी ज्याच्याशी झगडत होते त्याचं नाव मला बोटांतून कळलं. नंतर मी त्याच्याकडं बघायला शिकले. गवताचा दांडा गोल असतो, बहुतेक वेळा पोकळ, आणि त्याला पेरं असतात. हरळी तर जमिनीवर सरपटते आणि पेरापेराला मूळ टाकते. लव्हाळ्याला मधे पेर नसतं. पानं सगळी बुडातून निघतात, तीन दिशांना, चकचकीत गर्द हिरवी, मधे पन्हाळीसारखी घळ. गवताची पानं दोनच बाजूंना लागतात. फुलोरा आला की छत्रीच्या काड्यांसारखा पसरतो, रंग तांबूस-जांभळट. आमच्याकडच्या रानात हरळी, कुंदा आणि लव्हाळा ही तीन नावं शेतकरी एका दमात घेतात, पण त्यातला कुंदा आणि हरळी ही गवतं आहेत आणि लव्हाळा गवत नाहीच. तो वेगळ्याच कुळातला.

त्या दिवशी मावशींनी खुरप्यानं एक बूड वीतभर खोल खणून दाखवलं. कोंबाच्या खाली, बोटभर आत, एक छोटा फुगीर गड्डा. मी उपटत होते तेव्हा दांडा नेमका त्याच्यावर तुटत होता, तोच कट् आवाज. गड्ड्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखी मुळी निघालेली, ती पुढं जाऊन तपकिरी, तारेसारखी कडक झालेली, आणि तिच्यावर माळेत ओवल्यासारख्या काळपट गाठी. एक, मग चार बोटांवर दुसरी, मग तिसरी, आणि तिथून फुटून वाफ्याच्या पार पलीकडं. मिरचीच्या एका रोपाखालून आम्ही तेरा गाठी काढल्या.

या माळेची एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. टोकाची गाठ उगवलेली असली की ती मागच्या गाठींना उगवू देत नाही. त्या जिवंत असतात, पण झोपलेल्या. माळ सलग आहे तोवर झोपलेल्याच राहतात. खुरप्यानं किंवा कुदळीनं माळ तुटली, की प्रत्येक तुकड्यातली गाठ जागी होते आणि स्वतःचा कोंब काढते. म्हणजे अर्धवट खणणं हे नुसतं उपटण्यापेक्षाही वाईट. मावशींचं "दुप्पट हुतोय" हे बोलण्याच्या ओघातलं नव्हतं, मोजून पाहिलेलं होतं. शेतातल्या बाईनं पन्नास वर्षं खाली बसून जे पाहिलं, ते वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकात वेगळ्या शब्दांत लिहिलेलं आहे. 1977 मध्ये लेरॉय होम या अमेरिकन तणशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या तणांचा हिशेब मांडला, तेव्हा पहिला क्रमांक लव्हाळ्याला दिला होता: 92 देश, 52 पिकं. ते वाचून मला थोडं हलकं वाटलं. माझ्या आळसानं किंवा अडाणीपणानं हे वाढलं, असं मी दोन वर्षं मनात धरून होते.

एक गाठ मी नखानं फोडली. आत पांढरट-गुलाबी, आणि असा वास आला की मी तशीच उठून घरात गेले. आईंची नजर तेव्हा अगदी अधू झाली होती. त्यांच्या हातात ती ठेवली. त्यांनी नाकाशी नेली.

"नागरमोथा कुठं मिळाला तुला? दिवाळीला अजून महिना आहे."

उटण्याचा वास होता तो. आई पूर्वी वाळा, कपूरकाचरी, आंबेहळद, नागरमोथा असं सगळं काष्टौषधीच्या दुकानातून आणून घरी कुटायच्या. दुकानात नागरमोथा म्हणून याच्या भाऊबंदाचीही मुळं विकतात, पण आयुर्वेदातला मुस्ता तो हाच. तापातल्या तहानेसाठी जे षडंगोदक देतात, त्यातल्या सहा वस्तूंत मुस्ता, पित्तपापडा, वाळा, चंदन, सुगंधी वाळा आणि सुंठ असते. गाजरगवतासारखा हा बाहेरून आलेला नाही. इथलाच आहे, औषधातला आहे, अभ्यंगस्नानातला आहे. ज्याचा वास दिवाळीचा, त्यालाच मी खणून काढायला बसले होते, आणि हे कळल्यावरही खणणं थांबवायचं नव्हतं. दोन्ही खरं होतं. आईंना मात्र ते आवडलं. त्यानंतर मी परसातून आत आले की त्या हात पुढं करायच्या आणि मी एक गाठ त्यांच्या तळव्यावर ठेवायची.

काढायचं कसं, यावर प्रत्येकाचं मत निराळं. माझा मोठा भाऊ शिरोळकडं ऊस करतो. त्याच्याकडं हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल हे तणनाशक मारतात. ऊस आणि मका ते सोसतात, लव्हाळा पिवळा पडत पडत दोन-तीन आठवड्यांत बसतो. "टू-फोर-डीनं नुसता वरचा पाला जळतो, खालच्या गाठीला काय होत नाही," हे त्यानंच सांगितलं. ग्लायफोसेट मुळापर्यंत उतरतं, पण ते ज्या हिरव्या पानावर पडेल त्याला मारतं, आणि 2022 मध्ये केंद्रानं त्याचा वापर परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यांपुरता ठेवायचा आदेश काढला होता. माझ्या परसात मिरचीला मिरची, मोगऱ्याला अळू लागून आहे. लेबलावर ज्या पिकाचं नाव नाही तिथं औषध मारायचं नसतं, एवढं साधं पथ्य मी पाळलं. भावाला मी नावं ठेवत नाही. त्याच्या गावात भांगलणीला बायका मिळत नाहीत, आणि मिळाव्यात अशी अपेक्षा तरी कोणत्या तोंडानं करायची? भर उन्हात उकिडवं बसून दिवसभर खुरपं चालवणं काय असतं, हे मी माझ्या वीस बाय तीसमध्ये पाहिलं आहे, आणि मला वाटेल तेव्हा मी उठून सावलीत जाऊ शकत होते.

कोल्हापुरातलेच प्रताप चिपळूणकर विनानांगरणीच्या शेतीबद्दल वर्षानुवर्षं सांगत आले आहेत आणि तणाकडं जमिनीचं खत म्हणून बघतात. तण खाई धन, ही म्हण उलटी करून मांडणारा विचार. शेताच्या दृष्टीनं मला तो पटतो. पण वाफ्यात कोथिंबीर टाकायची असेल तर लव्हाळ्याबरोबर वाटणी होत नाही. तो पाणी आणि खत आधी ओढतो.

मी आधी काळा मल्चिंग पेपर अंथरला. उजेड नाही तर कोंब मरेल, असा हिशेब. तिसऱ्या आठवड्यात कागदावर टाचणीच्या टोकाएवढे उंचवटे दिसले आणि चौथ्या आठवड्यात टोकं आरपार. हरळी कागदाखाली दबून पिवळी पडली, हा मात्र कागद भोसकून वर आला. कोंबाचं टोक किती अणकुचीदार असतं हे पाहायचं असेल तर आमच्याकडचं एक रताळं दाखवायला हवं होतं. महाशिवरात्रीला उपासासाठी घरची रताळी काढली. एक रताळं चिरलं तर मधोमध पांढरी मुळी, एका बाजूनं आत शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर पडलेली, दाभणानं ओवल्यासारखी. विळीवर ते दोन भाग ठेवून मी बराच वेळ बघत होते. मऊ होतं म्हणून वळसा घातला नाही, सरळ आतून गेला.

शेतकरी जे करतात तेच शेवटी केलं. एप्रिल-मेमध्ये रान नांगरून तापत टाकतात, ढेकळांतल्या गाठी उन्हानं वाळून मरतात. लव्हाळ्याची गाठ पुराला भीत नाही, ती भिते कोरडेपणाला. आतलं पाणी गेलं की संपली. 2022 च्या एप्रिलात एकेक वाफा दीड फूट खोल खणला, माती वाळूच्या चाळणीतून चाळली, गाठी घमेल्यात. पहिल्या घमेल्यातल्या मोजल्या, 214 भरल्या. पुढं मोजलं नाही. सगळ्या गच्चीवर पत्र्यावर पातळ पसरल्या. ढीग केला तर आतल्या गाठी ओल धरतात, हे मावशींनी बजावलं होतं. खणलेल्या वाफ्यातलीही ढेकळं उलटीपालटी करत राहिले, कारण ढेकळाच्या सावलीत राहिलेली एक गाठ पुरते.

आणि मग वळीव आला. कोल्हापूरचा वळीव माहीत आहे त्याला सांगायला नको. दुपारी चारला आभाळ काळं, साडेचारला गारा, पाचला सगळीकडं पाणी. अकरा दिवस तापलेली माती भिजली आणि गच्चीवरच्या पत्र्यावरही पाणी साचलं. मी त्या संध्याकाळी रडले. पाऊस पडल्याबद्दल रडणारं माणूस या गावात मे महिन्यात सापडणार नाही, पण मी रडले. दुसऱ्या दिवशी गाठी पुन्हा पसरल्या. आठवड्यानं एक फोडून पाहिली: आत तपकिरी, पोकळ, कोरड्या सुपारीसारखी. दहा फोडल्या, नऊ मेल्या होत्या. दहावीतून पांढरा ठिपका निघाला होता.

जे मेलं त्यानं परस साफ झालं नाही. खोलवरच्या गाठी राहिल्याच होत्या. तिथून पुढचं काम खणण्याचं नव्हतं, तारखांचं होतं. कोंब वर आला की गाठीत साठवलेलं अन्न खर्च होतं. पानं उन्हात कमावू लागली की तीन-चार आठवड्यांत खाली नवीन गाठ धरायला लागते. म्हणजे त्याच्या आत, कमाई सुरू झाली न झाली तोच, कोंब खालच्या गड्ड्यासकट काढायचा. गाठ पुन्हा कोंब काढते, पुन्हा खर्च. मी पंधरवडा धरला. दिनदर्शिकेवर दर दुसऱ्या रविवारी पेन्सिलीनं 'ल' लिहिला. लग्नं, बारशी, आईंचं आजारपण, ऑफिसातलं मार्चएंड, 'ल' चुकवला नाही. एकदाच चुकला, आई गेल्या त्या महिन्यात. दीड महिना मी परसात उतरले नाही, आणि उतरले तेव्हा कोपऱ्यात तांबूस फुलोरे डोलत होते.

सावलीचीही मदत झाली. लव्हाळ्याला ऊन लागतं, सावलीत तो खंगतो. पावसाळ्यात मोकळ्या वाफ्यांत ताग दाट पेरला, फुलायच्या आत कापून तिथंच पसरला, आणि त्यामागोमाग चवळी. जिथं जमीन झाकलेली राहिली तिथले कोंब बारीक, फिकट, लांबट आले. ते काढताना हाताला फरक कळायचा.

2023 च्या पावसाळ्यात एका रविवारी साठ-सत्तर कोंब निघायचे. गेल्या वर्षी वीस-बावीस. या जूनमध्ये पहिल्या 'ल'ला अकरा. त्यातले सात भिंतीला लागून, पलीकडच्या बंगल्याकडून आलेले. तिथं नवीन कुटुंब राहायला आलं आहे. सून हौसेनं बाग करते आहे, नवी माती टाकली आहे. मी भिंतीशी वाकले होते तेव्हा ती पलीकडून म्हणाली, "काकू, हे गवत किती छान हिरवं आलंय ना? आपोआपच आलं. लॉन म्हणून ठेवायचा विचार आहे."

मी भिंतीवरून हात घातला, एक काडी बुडातून तोडली, पानं ओरबाडली आणि दांडा तिच्या बोटांत दिला.

"फिरवून बघ," म्हटलं.

तिनं फिरवला. थांबली. पुन्हा फिरवला. मी आत जाऊन दाराआडचं दुसरं खुरपं आणलं.